पान अडकलंय, या की

पाणी मागायला तो आत आला आणि अपेक्षाच्या टेबलापाशीच थांबला.

"मॅडम… रडताय का?"

"छे! टॉवेलची तूस गेलीय डोळ्यात."

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात माल रवाना करायचं काम तिचं. ऑर्डर सकाळीच बदलली होती, पण तिच्या पडद्यावर मात्र कालचीच दिसत होती. ट्रक दारात उभा.

तो संगमेश. अक्कलकोटकडचा, शेजारच्या कारखान्यात कॉम्प्युटर बसवायला आलेला.

"ब्राउझर आळशी असतोय बघा. एकदा बघितलेलं पान साठवून ठेवतो, अन् परत तेच पुढं करतो. तो साठा पुसायचा… कॅशे म्हणतात त्याला."

"माझे पासवर्ड जातील की!"

"त्याच्यापुढची खूण काढलीय. फक्त साठलेली चित्रं अन् फायली." कंट्रोल, शिफ्ट, डिलीट… एक क्लिक. पान पुन्हा उघडलं, नवी ऑर्डर हजर. "आयतु," तो म्हणाला. 'झालं' म्हणायची त्याची ही कानडी तऱ्हा.

करमाळ्याहून नोकरीसाठी येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. जुळे सोलापुरातली एक खोली, एक खिडकी, आईचा तीन मिनिटांचा फोन. कधीकधी रविवारी संध्याकाळी कुकरशी बोलताना तिच्या ध्यानात यायचं… आज आपला आवाज आपण पहिल्यांदाच ऐकतोय.

म्हणून मग दर सोमवारी ती संगमेशला फोन लावू लागली.

"पान अडकलंय, या की."

जेवणाच्या सुट्टीत तो यायचा, पुसायचा, "आयतु" म्हणायचा आणि चहाला बसायचा.

"तुमच्याच ब्राउझरला का एवढी खोड?"

"त्याला नवं लवकर पटत न्हाय."

"अन् तुमाला?"

"चहा निवतोय तुमचा," ती म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची.

एका सोमवारी तो कागद घेऊन आला. ठळक अक्षरांत सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या.

"शेजारचं काम संपलं. उद्यापासून श्रीपूरला, साखर कारखान्यात. आता तुमचं तुमी करायचं. करा बघू माझ्यासमोर."

सावकाश करावं, चुकावं, असं तिच्या मनात आलं. पण बोटांनी कागदाकडं न बघताच तिन्ही कळा दाबल्या. गुपित फुटलंच होतं.

"मला दुसऱ्या सोमवारीच येत होतं," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी बोलायला हवं होतं… न्हाय. खोटं कशाला सांगू? तुमीच हवे होता."

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "किती साठलंय ते पुसायच्या आधी हितं दिसतं, अपेक्षा. दर सोमवारी एक एमबीसुद्धा नसायचं. तुमी आधीच पुसायच्या, मग मला फोन करायच्या."

त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. तिचे कान तापले.

"मग बोलला का न्हाय?"

"बोललो असतो तर सोमवारी कुटं गेलो असतो?"

ती हसली… आणि हसता हसता डोळे भरून आले. या वेळी तिनं तुशीचं नाव घेतलं नाही.

"श्रीपूरला फोन लावला तर चालंल?"

"काय बिघडलंय म्हणून सांगाल?"

"काय न्हाय बिघडलं, असंच सांगीन."

त्यावर तो काहीतरी म्हणाला, पण तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि शेजारचे माग एकदम खडखडू लागले. तिनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"परत सांगा… मोठ्यानं."