एकशे ब्याण्णव वजनाचा संशय

"जरा बाजूला व्हा. तुम्ही हवेत आहात."

लिंबांची पाटी घेऊन आलेल्या तरुणानं आधी आपल्या पायांकडं पाहिलं. मग कृपाकडं.

"मंग मानसानं असावं तरी कुठं, मॅडम?"

कृपाला हसू आलं, पण ओठांपर्यंत येता येता तेही दमलं. जामखेडच्या बाजारतळावर फळांवरची औषधं तपासणारी तिची गाडी सकाळपासून तापत उभी होती. काल एक गाव, उद्या दुसरं… नगरच्या सावेडीतलं घर आता फक्त झोपेपुरतं उरलं होतं.

"यंत्र उघड्या हवेत तपासतं. तंबाखू, अत्तर, जवळ असेल ते ओढून घेतं."

"तंबाखू खात न्हाई. अत्तर उद्यापासून लावतो."

त्याचं नाव आदिनाथ.

*

हवा :

लिंबू कापायचं नाही, धुवायचं नाही, कशात बुडवायचं नाही. झाडावरून आलं तसं नळीसमोर धरायचं. गरम वायूचा झोत सालीवर लागतो, तिथले कण उडतात, आणि यंत्र त्यांचं वजन सांगतं. एवढंच.

माणसांचं असं का नसतं… कृपाच्या मनात आलं. मग तो विचारही अर्धाच राहिला.

*

मध्येच :

उन्हं कलली तेव्हा आदिनाथची पाळी आली. बाजूच्या गटारावरून डास उठले. कृपा एका हातानं काम करत होती, दुसऱ्यानं मान खाजवत होती. त्यानं खिशातून मलमाची ट्यूब काढून पुढं केली.

"लावा. आमच्या डासांना नगरची मानसं लई गोड लागत्यात."

"आणि तुम्हाला?"

बोलून गेली ती. थकल्यावर जिभेला दार राहत नाही. तो काही बोलायच्या आत तिनं घाईनं मलम चोळलं आणि त्याचं पहिलं लिंबू उचललं. हातमोजे घामानं केव्हाच फाटले होते. नवे काढायचा कंटाळा…

*

नमुना :

एकशे ब्याण्णव.

बुरशीवर फवारतात त्या औषधाच्या कणाचं वजन. दुसरं लिंबू… एकशे ब्याण्णव. तिसरं…

"फवारणी केलीय?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"न्हाई म्हनलं ना." आवाजातली थट्टा गेली होती. गावभर त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, माझ्या बागेत औषध नाही. आज गाव भोवती उभं होतं.

"काय रं आदिनाथ," त्याची चुलती कडूबाई म्हणाली, "रातीत येऊन देवानं फवारलं व्हय?"

लोक हसले. त्यानं पाटी उचलली नाही, वादही घातला नाही. नुसतं कृपाकडं पाहिलं. खोटं बोलणारा असं बघतो का?

नापास लिहिलं की सुटका. पाठ मोडून आली होती. पण त्या नजरेनं…

*

तुकडे :

दोन वेगळ्या गोष्टींचं वजन कधी एकच भरतं. मग त्या फोडून बघाव्या लागतात. बुरशीच्या औषधाचा मोठा तुकडा एकशे साठचा पडतो.

तिनं फोडलं. एकशे एकोणीस.

कृपा स्क्रीनकडं बघत राहिली. मग तिनं आपलं रिकामं बोट नळीसमोर धरलं.

एकशे ब्याण्णव. फोडलं, एकशे एकोणीस.

मलम.

*

गुपचूप "पास" लिहिता आलं असतं. ती गाडीतून खाली उतरली.

"चूक माझी," ती मोठ्यानं म्हणाली. "हाताला डासांचं मलम होतं, तेच लिंबांना लागलं. हे खरं बोलत होते."

हात साबणानं धुऊन, नवे मोजे घालून, न शिवलेल्या लिंबांवर तिनं सगळ्यांदेखत पुन्हा पाहिलं. काहीच नाही. लिंबू निव्वळ लिंबू.

"मॅडम," कडूबाई म्हणाली, "आता ह्या लिंबूवाल्याला बी धरा नळीसमूर!"

गर्दी हसत पांगली. आदिनाथ थांबला.

"मघाशी तुमी इचारलं हुतं… मानसं गोड लागत्यात का…"

"मग?"

"लागत्यात. एकच."

कृपा पायरीवर बसली. दिवसभरात पहिल्यांदा.

"रविवारी चर्चमधली उपासना झाल्यावर आमच्या घरी याल? सावेडीला."

"चर्चच्या मानसांच्यात मी? तुमचे वडील इचारतील, ह्यो कोन."

"विचारतीलच."

"मंग काय सांगाल?"

तिचे डोळे थकून मिटत होते, तरी तिनं ते त्याच्यावरून हलवले नाहीत.

"सांगेन… ह्याच्यावर संशय घेऊन झालाय माझा."