महालक्ष्मी गलबताचा दोर

श्रावण वद्य तृतीयेच्या पहाटे शंखगडाच्या तटावर अजून धुके रेंगाळत असता, दर्यादरवाज्यासमोरच्या खाडीत ‘महालक्ष्मी’ हे व्यापारी गलबत मस्कतेस निघण्यास सज्ज उभे होते. राणोजी कुबल तांडेलांनी धक्क्यावरून त्याकडे पाहिले. काठ पाण्यावर दोन हात असावयाचा, तो जेमतेम वीतभर उरला होता.

गेली नऊ वर्षे या किनाऱ्यावर बुडालेल्या प्रत्येक गलबताचा शोध राणोजींनी घेतला होता. वाचलेल्या खलाशांच्या जबान्या ऐकल्या होत्या, वाहून आलेल्या फळ्या तपासल्या होत्या, दोरीला शिसे बांधून खडकांभोवतीचे पाणी मापले होते. एकतीस गलबतांपैकी बावीस ना वादळाने बुडाली होती ना चाच्यांनी बुडवली होती. ती अतिभाराने गेली होती. हे सारे दप्तर त्यांचे स्नेही अंताजी चिटणीस यांनी स्वहस्ते लिहिले होते.

सुभेदार भवानराव दरेकर खलाशांसमोरच म्हणाले, “तांडेल, हुजुरांस दसऱ्यापूर्वी मस्कतेची घोडी हवीत, आणि त्यांच्या बदल्यात हा सारा तांदूळ एकाच खेपेत गेला पाहिजे. ही माणसे तुमच्या शब्दावाचून गलबतावर चढत नाहीत. शब्द द्यावा.”

“सरकारांनी मान मागितली तर देईन. हा शब्द देता येत नाही. निम्मा तांदूळ उतरवावा, मग सुकाणू मी स्वतः धरतो.”

सुभेदार चिटणिसांकडे वळले. “अंताजीपंत, दप्तर तुमच्या हातचे. तांडेल म्हणतात ते खरे काय?”

अंताजींचे दोन्ही पुत्र सुभेदारांच्या चाकरीत होते. अंताजी जमिनीकडे पाहत म्हणाले,

“घाबरलेल्या माणसांच्या जबान्या त्या, सरकार. भरवसा ठेवण्याजोगे त्यात काही नाही.”

खलाशांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते माना खाली घालून फळीवरून चढू लागले. तेव्हा राणोजी त्यांच्यातून वाट काढीत गलबतावर गेले, आणि पहारेकरी पोहोचण्याआधीच कमरेच्या कोयत्याने त्यांनी मोठ्या शिडाचा दोर तोडला. शीड धाडकन खाली आले. भाल्याच्या दांड्यांचे तडाखे खाताना ते एवढेच म्हणत होते, “उतरा रे. उतरा.”

कोणी उतरले नाही. तोडलेला दोर गाठ मारून सांधला गेला आणि दुपारच्या ओहोटीबरोबर गलबत निघाले. बुरुजाच्या कोठडीतून राणोजी पाहत होते. गलबताने खडकांची रांग ओलांडली, नैऋत्येचा वारा भरला, आणि तिसऱ्या लाटेचे पाणी काठावरून आत शिरले. शीड आडवे झाले. मग तेथे नुसते पाणी राहिले. त्र्याहत्तर माणसे होती. एकही परतले नाही.

सुभेदारांनी हुजुरास लिहिले की, तांडेलाने द्वेषाने दोर तोडला, तो सांधलेला दोर भर समुद्रात निसटला, सबब गलबत बुडाले. तो मजकूर अंताजींच्याच वळणदार अक्षरात होता. नऊ वर्षांचे दप्तर भटारखान्यात जाळले गेले.

मार्गशीर्ष उजाडला तेव्हा ‘महालक्ष्मी’वर बुडालेल्या एका खलाशाची विधवा, रखमा, कोठडीच्या गजांपाशी येऊन उभी राहिली.

“दोर तुम्हीच तोडलात ना, तांडेल?”

राणोजींपाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण तिने विचारले होते एवढेच.

“होय, बाई,” ते म्हणाले.

ती थुंकली नाही, तिने शिव्या दिल्या नाहीत. पदर सावरून पायऱ्या उतरून गेली. खाली धक्क्यावर दुसरे गलबत भरले जात होते.