वाटीला हात लावू नका

सकाळी आठ वाजता डॉ. निशिकांत बाबर राउंडला आले आणि म्हणाले, "डावा गुडघा झकास बसलाय, ताई. वाटीवरची चकतीसुद्धा."

हेमलता गुरव यांच्या हातातला चहा तसाच राहिला. ऑपरेशनआधी त्यांनी एकच अट घातली होती: वाटीला हात लावायचा नाही.

गुडघा बदलताना मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोके बदलावीच लागतात. समोरच्या वाटीचे तसे नाही. तिची आतली बाजू तासून प्लास्टिकची चकती बसवली, तर पुढे दुखण्याची आणि पुन्हा ऑपरेशनची शक्यता थोडी घटते. पण तासलेली वाटी पातळ होते, तडकू शकते. शंभर वर्षे शल्यवैद्य यावर भांडले, निकाल लागला नाही. हेमलताबाईंनी तो स्वतःपुरता लावला होता. सांगलीत त्या पौरोहित्य करत. चकतीवाल्यांना डॉक्टर मांडी घालू देत नसत, आणि मांडी गेली की काम गेले.

"कुणाला विचारून बसवली?"

"तुम्हालाच. वीस वर्षांनंतरच्या तुम्हाला."

याला भावी-संमती म्हणत. माणसाची चाल, रक्त, हाडे, बोलणे यांवरून संगणक त्याची वीस वर्षांनी मोठी प्रतिमा घडवी. ती दोन्ही पर्याय जगून पाही. जिथे वैद्यकाला ठरवता येत नाही, तिथे कायदा तिचे मत वरचढ मानी. भोगायचे तिलाच, म्हणून.

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं, तर टेबलावर आला असता?"

"तुमच्या वास्तुशांतीला चार तास मांडी घालून बसले होते मी. यजमान तीनदा उठले. मी नाही. बोलवा तिला."

पडद्यावर एक म्हातारी आली. कपाळ, हनुवटी, सगळे त्यांचेच.

"माझा गळा कापलास तू," हेमलताबाई म्हणाल्या.

"गुडघा," म्हातारीने सुधारले. चुकीचा शब्द दोघींनाही खपत नसे.

"पूजा कशी सांगतेस आता?"

"नाही सांगत."

"चकतीमुळंच ना?"

"नाही गं. चकती न बसवता जगले, त्यातही सोडलीच. मांडी येत होती. मलाच नकोसं झालं. मग उगाच कशाला दुखणं सोसायचं?"

हेमलताबाईंनी पडदा भिंतीकडे फिरवायला लावला. डॉक्टरांवरचा राग त्यांना कळत होता. हा दुसरा राग कुणावर काढायचा, ते कळेना. पट्ट्यांत गुंडाळलेला पाय त्यांनी दुमडून पाहिला. तो अर्ध्यावर थांबला.

उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन शुक्रवारी आहे. ते नाकारायचा हक्क हेमलताबाईंना आहे. वाटीचे काय करायचे, ते ठरवायचा नाही. दुपारपर्यंत त्यांनी काहीच कळवलेले नाही. म्हातारीने होकार दोन्ही गुडघ्यांसाठी दिलेला आहे.