वरच्याप्रमाणे

प्रयोगशाळेच्या काचेमागे बसून ती रक्त तपासून घ्यायला आलेल्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायची. एका घरातली माणसं एकदम आली की पत्ता, फोन पुन्हा टाइप करायचा कंटाळा. दोन बटणं एकदम दाबली की वरच्या नोंदीतलं तसंच्या तसं खालच्या चौकटीत उतरायचं. या युक्तीवर तिचा हात इतका बसला होता की तोंडाने गप्पा आणि बोटांनी काम, दोन्ही बिनबोभाट चालायचं.

एकदा बोटं एक चौकट पुढे गेली आणि वरच्या म्हाताऱ्याचा रक्तगट खालच्या बाईला चिकटला. चूक लक्षात येईपर्यंत आतून तंत्रज्ञाचा कागद आला. त्यावरही तोच गट. बाईच्या पर्समधल्या कार्डावर मात्र वेगळाच होता. जुनं कार्डच चुकलं असणार, असं म्हणून तंत्रज्ञ मोकळा झाला. पुढे एकाची साखर अशीच वरून खाली आली आणि कागदावरही तेवढीच निघाली. तेव्हापासून ती ते रकाने हाताने भरू लागली. सांगणार कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

मग ताईचा रिपोर्ट आला. वाईट.

ताई तिची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून हिच्याच घरी, मागच्या खोलीत राहत होती. लहानपणी आई अंथरुणाला खिळली तेव्हा शाळा सोडली ती ताईने, शिकली ही. ताईने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. रिपोर्ट ऐकून मात्र म्हणाली, "चांगलं ते तुला, उरलंसुरलं मला. हेही त्यातलंच."

हिच्या काळजाला घरं पडली.

परक्याचं काही ताईच्या अंगाला लागायला नको, म्हणून तिने स्वतःचंच रक्त तपासून घेतलं. स्वच्छ निघालं. दुपारी काचेपुढे कुणी नसताना तिने आपली नोंद वर चढवली आणि तिच्याखाली ताईच्या फेरतपासणीची नवी नोंद उघडली. नाव टाइप केलं. मग दोन बटणं. पत्ता, फोन. डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि हात सवयीने धावत होता. जन्मतारीख. रक्तगट. निष्कर्ष. ओळखीची खूण. जवळचं माणूस. सगळं झाल्यावर तिने डोळे पुसून वाचलं. ताईच्या मनगटावर भाजल्याचा डाग लिहिला होता, आणि जवळचं माणूस म्हणून हिचा नवरा.

दुरुस्त करायला तिने बोट उचललं आणि थांबली. एक चौकट पुसताना बाकीचंही पुसलं गेलं तर? तिने तसंच राहू दिलं.

फेरतपासणी स्वच्छ आली. डॉक्टर चक्रावले. घरात आनंदीआनंद झाला.

मग ताईच्या मनगटावर डाग उमटला, अगदी हिच्यासारखा. नवरा सकाळचा पहिला चहा ताईच्या हातात देऊ लागला. मुलगी ताईच्या कुशीत झोपू लागली, आणि हळूहळू तिलाच आई म्हणू लागली. ही चिडली की नवरा गोंधळून बघायचा, मुक्काम लांबवलेल्या पाहुणीकडे बघावं तसा. तिने ताईला एकटं गाठून विचारलं, तर ताई मान खाली घालून भाजी निवडत राहिली.

शेवटी तिने ठरवलं, त्या दोन चौकटी बदलायच्या. व्हायचं ते होवो.

कामावर पोचली तर तिच्या खुर्चीत कॉम्प्युटरवाला बसला होता. दुबार नोंदी काढतोय म्हणाला.

"दोघींचं नाव सोडून सगळं सारखं होतं. एकच बाई असणार, माहेरच्या नि सासरच्या नावाने," तो म्हणाला. "खालची ठेवली. वरची काढून टाकली."

तिने आपलं मनगट पाहिलं. कातडी कोरी होती.

ती घराकडे धावली. किल्ली लागेना.

ताईने दार उघडलं, साखळी न काढता.

"ताई, मी आहे गं."

ताईने तिला ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

आतून नवऱ्याने विचारलं, कोण आहे म्हणून.

"कुणी नाही," ताई म्हणाली, आणि मुलगी झोपली होती म्हणून दार अगदी हळू लावून घेतलं.