आधी हात मिळवा

“सांभाळून हं!” या शब्दांवर कुणीतरी बंदी घाला हो. एप्रिलमध्ये मी मागच्या पायरीवरून काय पडले, गावाला दुसरं बोलणंच सुचेना. मनगट सहा आठवड्यांत जुळलं. पण माझ्या लेकीनं, लिॲननं, घरातले गालिचे उचलले, माझे आवडते सँडल उचलले आणि माझ्या गळ्यात, पडले तर मदतीला दाबायच्या बटणाचं लोढणं अडकवलं. वर तंबी — “आई, ते बोल्स, हिरवळीवर चेंडू घरंगळवत बसणं, बंद! आणखी एकदा पडलीस तर थेट वृद्धाश्रम.” चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी, आणि धाक कुणाचा, तर पोटच्या पोरीचा!

तरी त्या शनिवारी गुपचूप क्लबवर गेलेच. हिरवळीवर उतरायला एकच पायरी, वीतभर. चाळीस वर्षं मी ती न बघता उतरले. आणि आता... कठडा सुटेना. संतापानं डोळे भरून आले.

खाली एक अनोळखी म्हातारा उभा होता. पांढरी टोपी, खट्याळ डोळे. खेळाच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या; आज माझी जोडी याच्याशीच लागली होती.

“मी ॲल्विन. येताय, की एकट्यानंच हरू?”

“मी नॉरीन. ‘सांभाळून हं’ असं नाही म्हणालात?”

“कशाला? पायरी दिसतेय की तुम्हाला.” त्यानं हात पुढे केला.

“आधार नकोय मला!”

“देतंय कोण? हात मिळवल्याशिवाय पहिला चेंडू टाकता येत नाही. तुमच्या क्लबात टाकतात वाटतं?”

नियम खराच होता. मी फणकाऱ्यानं हात पुढे केला... आणि उतरले की! पण हा काही हात सोडेना.

“सोडा आता.”

“सोडतो...” त्याचा आवाज उतरला. “फेब्रुवारीत न्हाणीघरात पडलो होतो. पाच तास तसाच. पडण्याचं काही नाही हो — उठताच येईना. मुलाला अजून सांगितलेलं नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडणं हा काय गुन्हा आहे, की चोरासारखं लपवायचं?

“मग उठायला शिका! मला शिकवलंय दवाखान्यातल्या मुलीनं, गादीवर. चला, आडवे व्हा.”

“इथं? बायका सहसा ओळख वाढल्यावर—”

“चावटपणा पुरे!”

आधी पायरीला धरून गुडघे टेकले, मग अंग टाकलं. कापलेल्या गवताचा वास, समुद्राचा वारा, वर पांढरे ढग. शेजारी तो. किती महिन्यांनी जमिनीची भीती वाटली नाही.

“आई पडली!” मला शोधत आलेली लिॲन फाटकातून किंचाळत धावली.

“पडले नाहीये. हात लावायचा नाही!” मी कुशीवर वळले, कोपर टेकलं, मग दोन्ही गुडघे, पायरीवर तळवे, एक पाऊल पुढे... आणि उभी राहिले. लिॲनकडे वळले. “बघितलंस? आता वृद्धाश्रमाचं नाव काढायचं नाही. आणि दर शनिवारी मी इथं असणार.”

ॲल्विन माझ्यामागोमाग उठू लागला. पण एक गुडघा टेकलेलाच ठेवून तो थांबला.

“अडकलात?”

“नाही.” कानापर्यंत लाल झाला होता. “इथवर आलोच आहे, तर विचारतो... त्या शनिवारांत मला घ्याल? खेळ नसेल तेव्हासुद्धा?”

“आई, हा माणूस कोण?” लिॲन ओरडली.

मला उत्तर द्यायला एक क्षणही लागला नाही. “मला आवडलेला,” मी म्हणाले आणि त्याच्यापुढे हात केला. “उठा. आधी हात मिळवा.”