डोकं उतरेपर्यंत

दिवे परत करायला गेले होते मी, दुसरं काही नाही. सकाळची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वायरमन स्टुलावर बसून कुणाचा तरी मिक्सर उघडत होता. मी पिशवीतून दिवे काढून काउंटरवर ठेवले.

"काय काकू, गेले का एवढ्यात?"

"जातील कशाला? चांगले आहेत."

"मग?"

"माझी जुनी ट्यूब परत लावून दे. तिच्या त्या चोकसकट."

त्याने मान वर केली. "ती लुकलुकणारी? अहो काकू, लोक माझ्याकडे बिघाड काढायला येतात. बिघाड बसवायला आलेल्या तुम्ही पहिल्याच!"

"लावायची तर लाव, अक्कल शिकवू नकोस," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. पोरगं मुकाट्याने अडगळीतून ट्यूब शोधायला गेलं.

तुम्ही बसलाच आहात तर सांगते, मला ती ट्यूब का हवी होती. मला एक प्रश्न विचारायचा होता. आणि ज्याला विचारायचा होता तो माझं डोकं दुखल्याशिवाय येत नसे.

मला अर्धशिशी आहे. म्हणजे होती. आधी डोळ्यांपुढे एक चमचमणारी करवत यायची. ती पसरत जाऊन उजवीकडचं सगळं खाऊन टाकायची. समोर माणूस उभा असेल तर त्याचं अर्धंच तोंड दिसायचं. मग कानशिलात घण सुरू. उजेड नको, आवाज नको, शेजारच्या घरातल्या साबणाचा वाससुद्धा नको. प्रत्येकाकडे डोकेदुखीवर औषध असतं बघा, फक्त त्यांचं स्वतःचं डोकं कधी दुखलेलं नसतं. 'जरा फिरून ये, बरं वाटेल' म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात किती वेळा फिरवून आपटलंय.

मी शाळांचे गणवेश शिवते. तेव्हा पुढच्या खोलीत मशीन होतं, मशीनवर ती ट्यूब. दिवसभर तिच्याखाली टाके घालायचे आणि दोन-चार दिवसांनी आडवं पडायचं. त्याची आमच्या घरात एक रीतच ठरून गेली होती. मला करवत दिसली की हे हातातलं काम टाकून उठायचे, दिवे घालवायचे, मागच्या खोलीच्या खिडकीवर गणवेशाचं जाड निळं कापड टांगायचे आणि मला आत निजवून दार लोटून घ्यायचे. हे म्हणजे माझे यजमान. पोस्टात रात्रपाळीला होते, म्हणून दिवसा घरी असायचे. बोलणं बेताचं, दिवसाला दहा वाक्यं झाली तर पुष्कळ.

मग थोड्या वेळाने अंधारात कपाळावर ओली पट्टी यायची. पट्टी तापली की उचलली जायची, पिळली जायची, परत यायची. आणि एक हात माझा हात धरून बसायचा. मी पुटपुटायचे, "खिडकी बंद आहे ना?" हात एकदा दाबला जायचा. हो. "संध्याकाळ झाली का?" दोनदा. नाही. माणसाचा आवाज मला सोसायचा नाही म्हणून ही हाताची भाषा. कोणी ठरवली, कधी ठरवली, आठवत नाही. हात गार असायचा. पाण्यातून फडकं पिळणारा हात गारच असणार, नाही का?

आणि डोकं उतरलं की त्याचा विषय नाही. आईची शिकवण होती ती. उतरलेल्या डोक्याचं नाव काढायचं नाही, नाव काढलं की परत चढतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनाही तेच सांगून ठेवलं. त्यामुळे मी कधी 'किती केलंत हो माझ्यासाठी' म्हटलं नाही आणि ह्यांनीही कधी काही म्हटलं नाही. मी बाहेर यायचे तेव्हा चहा झाकून ठेवलेला असायचा. तेवढंच.

हे गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच दुखण्यात मी एकटी आत जाऊन पडले. कापड मीच टांगलं, दार मीच लोटलं. रडता येत नव्हतं, रडलं की घण वाढतात. आणि कपाळावर पट्टी आली.

घाबरले नाही मी. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. हात धरला आणि विचारलं, "दमला नाहीत ना?" दोनदा दाबलं. मी त्या दुपारी इतकी शांत झोपले, की हे गेल्यापासून तशी झोपलेच नव्हते. कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, वेड्यात काढलं असतं. पण तेव्हापासून डोकं दुखायची मी वाट बघायला लागले. एकट्या बाईच्या घरात कोण येतं हो? कापडाचे गठ्ठे टाकणारा आणि नेणारा.

माझी नणंद दोन गल्ल्या सोडून राहते. जीव लावणारी आहे, पण ऐकेल तर शपथ. माझं पडणं वाढलं, गणवेश वेळेवर जाईनात, तेव्हा ती एक दिवस त्या वायरमनला हाताला धरूनच घेऊन आली. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "ही ट्यूब थरथरतेय. अशा उजेडात बसलात तर दुखणारच डोकं." मऊ पिवळे दिवे लावले त्याने. आणि माझं डोकं दुखायचं थांबलं. साफ थांबलं.

सगळ्यांनी त्या दिव्यांचं कौतुक केलं. घरात मात्र कोणी येईना. मी दिवे घालवून, कापड टांगून मागच्या खोलीत हात पसरून पडून पाहिलं. नुसत्या अंधारात काही होत नाही.

मग एका सकाळी नणंद आली, काजं करून देत बसली. वर बघून म्हणाली, "हे दिवे दादा असतानाच बसवायला हवे होते गं. बिचारा तुझं डोकं दुखलं की बाहेर पायरीवर बसून असायचा, पार ते उतरेपर्यंत."

"पायरीवर?"

"मग! मी येता-जाता बघायची ना. म्हटलं, आत जाऊन तिच्यापाशी तरी बस. तर म्हणाला, नको, तिला जवळ कोणी सोसत नाही."

सुई माझ्या बोटात गेली. नणंद बोलत राहिली, मला पुढचं ऐकू आलं नाही. माझ्या सगळ्या संसारात ह्यांच्या प्रेमाची एकच खूण माझ्याकडे होती, तो हात. तो ह्यांचा होता की नाही, एवढंच मला विचारायचं होतं.

म्हणून दिवे परत केले. वायरमन ट्यूब लावून गेला. मी पुढच्या दाराची कडी घातली आणि तिच्याखाली बसून, मान वर करून, डोळे न मिटता बघत राहिले. थरथर, थरथर. जेवणवेळ टळली तेव्हा करवत आली.

असं दुखणं आयुष्यात झालं नव्हतं. भिंतीला धरत मागच्या खोलीत गेले आणि कोसळले. बाहेर लख्ख ऊन, आत निळा काळोख. दोनदा ओकले. मग पाण्याचा आवाज आला... फडकं पिळल्याचा. कपाळावर पट्टी आली.

मी हात धरला. दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही... हेच ना?"

मग दाबलं. एकदा... आणि पुन्हा एकदा.

"हे होते तेव्हाही... तुम्हीच यायचात?"

एकदा.

माझी जीभ गप्प बसेना. "आणि हे? ते कुठे असतात? ... बाहेरच?"

एकदा. अगदी हळू, कीव केल्यासारखं.

म्हणजे गेल्यावरसुद्धा हे बाहेरच बसून होते! माझं डोकं उतरायची वाट बघत. आणि मी आत ह्या कुणाचा तरी हात धरून सुखाने झोपत होते. मला इतका राग आला, की तो स्वतःचा होता, ह्यांचा होता की त्या हाताचा, ते मला आजही सांगता येणार नाही. "सोड मला," मी म्हटलं. दोनदा दाबलं, हाडं कळवळतील असं. मी कापडासारखी पिळवटले, उभं राहता आलं नाही तरी उठून बसले, आणि इतक्या वर्षांत त्या खोलीत जे कधी केलं नव्हतं ते केलं. ओरडले.

"अहो...! आत या!"

डोकं फुटलंच असं वाटलं. हात सुटला. मी सरपटत, भिंती चाचपत पुढच्या दाराशी गेले, कडी काढली. ऊन अंगावर आदळलं. उजवीकडचं जग करवतीने खाल्लेलंच होतं, तिथे काही दिसत नव्हतं. त्या नसलेल्या बाजूने कोणीतरी माझ्या खांद्याला घासून आत गेलं. चपला काढल्याचा आवाज आला. ह्यांची सवय, आधी डावी, मग जरा थांबून उजवी. पावलं मागच्या खोलीत गेली आणि दार आतून लोटलं गेलं.

त्याच क्षणी माझं डोकं उतरलं. कोणी डोक्यावरची घागर उतरवून घ्यावी तसं. पुन्हा ते कधीच दुखलं नाही, अगदी त्या ट्यूबखाली बसूनसुद्धा.

खोली उघडून पाहिली तर रिकामी असते. दार लोटून घेतलं की थोड्या वेळाने आत पाणी वाजतं, फडकं पिळलं जातं, आणि कोणीतरी कण्हतं. तो आवाज ह्यांचा आहे. आमच्या ह्यांचं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं हो.

सुरुवातीला मी दारातून हाका मारायचे. अहो, बाहेर या ना. पण प्रत्येक हाकेला कण्हणं वाढायचं. म्हणून मशीन बाहेर ओसरीत आणलंय, आणि ते कण्हणं सुरू झालं की मीही पाय मारायचं थांबवते आणि इथे पायरीवर गप्प बसून राहते. त्यांना आवाज सोसत नसेल.