मास्तरांच्या घरासाठी रायआवळे

प्रेम देण्यातच सुख मानतं, असं म्हणतात. खामगावचा कारकून लक्ष्मीकांत मन लावून रायआवळे देत होता, आणि झुरत होता.

नवं महाराष्ट्र राज्य नुकतंच रांगायला लागलं होतं. एका रविवारी लक्ष्मीकांतने अंगणातली फांदी हलवली आणि फिकट पिवळे आवळे भिंतीपलीकडे एका मुलीच्या डोक्यावर टपटपले.

"अहो, डोकं फोडता का?"

"पाहून चाला न…" म्हणत तो डोकावला; आणि पुढचं विसरला. "लागलं का?"

"नाही. आंबट हायेत का?"

"लय!"

"मंग द्या ओंजळभर." हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

गल्लीत नव्याने आलेल्या मास्तरांच्या घरची ती. प्रतिमा. मग रोज येऊ लागली.

"याहून आंबट नाहीत का?"

"झाडाले विचारतो."

"विचारा. तुमच्यापेक्षा तेच जास्त बोलत असन!"

लक्ष्मीकांतची आई, सरस्वतीबाई, खिडकीतून पाहत होती. प्रतिमा गेल्यावर ती म्हणाली, "मास्तराची बायको दिसते. हिरवा चुडा, रोज आंबट… डोहाळे लागले तिले. देत जाय बाप्पा, नाही म्हणू नको."

त्या दिवसापासून लक्ष्मीकांत परस्त्रीकडे न पाहता, मान वर करून, झाडाकडे बघत आवळे देऊ लागला. मानही दुखायची.

शेवटी प्रतिमाच वैतागली. "काऊन बोलत नाही हो? माह्यावर रुसले का?"

"तुमी… जपून चालत जा. अशा दिवसांत."

"कशा दिवसांत?"

"पहिलंच असन न…"

ती इतकी हसली, की ओंजळीतले आवळे सांडले. "अहो, ते वहिनीचं! मास्तर माहा दादा. तिले डॉक्टरनं चालणं मना केलं."

"आन् बांगड्या?"

"तिच्या डोहाळजेवणाले कासारानं घरातल्या साऱ्याइचेच हात भरले." तिने पदर सावरला. "गळ्याकडं पाहिलं असतं, त कळलं असतं."

"मी तसा माणूस नाही."

"थेच त… थोडे व्हा न!"

लक्ष्मीकांत भिंतीला टेकला. कित्येक दिवसांनी छातीत पुरता श्वास गेला.

"आईले पाठवू… तुमच्या दादाकडं?"

"हाव," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच आवळे न घेता पळाली.

वैशाखात लग्न झालं. साखर कंट्रोलवर असल्यामुळे पंगतीला गुळाचा शिरा होता. तो खाली लागला होता.